शस्त्रांच्या जत्रेत आपले लोक कुठे असतात?

फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या येलहंका हवाई तळावर 'एअरो इंडिया' हे लष्करी विमानांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. १० ते १४ फेब्रुवारी, फक्त पाच दिवस. या पाच दिवसांसाठी बंगळुरू महापालिकेने २३ जानेवारी ते १७ फेब्रुवारी असे जवळजवळ चार आठवडे, तळाभोवती १३ किलोमीटरच्या परिसरात मटण, चिकन, मासळीची दुकाने बंद ठेवायला लावली. हॉटेलात मांसाहार वाढायलाही मनाई. कारण असे दिले की उघड्यावर पडलेल्या मांसावर घारी येतात आणि घार विमानावर आदळली तर अपघात होतो. कारण खोटे नाही. पण घारी कचऱ्यावर येतात, आणि कचरा उचलणे हे महापालिकेचे काम आहे. काम महापालिकेचे, उपास मात्र खाटकाच्या घरी! २०२३ च्या प्रदर्शनातही हेच झाले होते. तेव्हा मर्यादा १० किलोमीटर होती, या वेळी ती वाढली.

ही बातमी वाचली तेव्हा आम्हांला अंगुत्तर निकायातले ते छोटेसे सुत्त आठवले. उपासकाने कोणते पाच व्यापार करू नयेत हे तथागतांनी त्यात सांगितले आहे. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. अटठकथाकारांनी प्राण्यांच्या व्यापारात माणसांची खरेदी-विक्रीही धरली आहे. यादीत पहिले नाव शस्त्रांचे आहे. येलहंक्यात पाचांपैकी एक व्यापार बंद झाला, तो दुसऱ्याला जागा मोकळी करून देण्यासाठी.

आता कोणी हुशार माणूस आम्हांला इथेच पकडेल. म्हणेल, यादीत मांसही आहे, मग खाटकाची बाजू का घेता? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की खाटीक काम ज्यांच्या गळ्यात घातले गेले त्यांना जातिव्यवस्थेने दुसरा धंदा ठेवला नव्हता. ज्याला पर्याय आहे आणि ज्याला नाही, अशा दोघांना एकाच मापाने मोजणे हा धम्म नव्हे. आणि महापालिकेचा हा हुकूम काही करुणेतून निघालेला नाही. कोंबडीच्या जिवाची काळजी कोणाला होती? काळजी होती ती लढाऊ विमानाची.

मित्रहो, ही प्रदर्शने म्हणजे नेमके काय, हे आपल्या कार्यकर्त्यांनी एकदा नीट समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे टीव्हीवर कसरती करणारी विमाने दिसतात, रणगाड्याजवळ उभी असलेली शाळकरी मुले दिसतात. तो शेवटच्या एकदोन दिवसांचा देखावा. त्याआधीचे दिवस फक्त व्यापाराचे असतात. निरनिराळ्या देशांची लष्करी शिष्टमंडळे सरकारी पाहुणे म्हणून येतात, कंपन्यांचे अधिकारी त्यांना माल दाखवतात, करारांवर सह्या होतात. पॅरिसला यूरोसॅटरी, अबू धाबीला आयडेक्स, लंडनला डीएसईआय, आपल्याकडे डेफएक्स्पो आणि एअरो इंडिया. जत्रा सगळीकडे तीच, देव बदलतो.

लंडनची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तिथल्या लोकांनी जे केले ते आपल्याला उपयोगी पडणारे आहे. डीएसईआय दर दोन वर्षांनी सप्टेंबरात पूर्व लंडनच्या गोदी भागातल्या एक्सेल या प्रदर्शन केंद्रात भरते. हा भाग न्यूहॅममध्ये येतो. न्यूहॅम म्हणजे गरीब, कष्टकरी वस्ती, जिथे आफ्रिकन, बांगलादेशी, भारतीय, पाकिस्तानी वंशाची माणसे मोठ्या संख्येने राहतात. एक्सेलची मालकी २००८ पासून अबू धाबीच्या प्रदर्शन कंपनीकडे आहे, म्हणजे आयडेक्सचे मैदान ज्यांचे, त्यांचेच हे केंद्र. वस्ती गरिबांची, इमारत तेलाच्या पैशाची आणि माल जगाला मारण्याचा. २००१ चे प्रदर्शन ज्या दिवशी उघडले तो दिवस ११ सप्टेंबर होता. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले, हजारो माणसे मेली, आणि लंडनमध्ये शस्त्रांचे स्टॉल पुढचे दिवसही चालूच राहिले.

या प्रदर्शनाचे आयोजन पूर्वी रीड एल्सेव्हियर या कंपनीकडे होते. ही तीच कंपनी जी 'द लॅन्सेट' हे जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिक काढते. एका हाताने डॉक्टरांचे संशोधन छापायचे आणि दुसऱ्या हाताने शस्त्रांचा बाजार भरवायचा! 'लॅन्सेट'च्या संपादकांनीच आपल्या मालकाविरुद्ध जाहीरपणे लिहिले. डॉक्टर आणि प्राध्यापक त्यांच्यामागे उभे राहिले. शेवटी २००७ मध्ये कंपनीला जाहीर करावे लागले की आम्ही या धंद्यातून बाहेर पडतो. प्रदर्शन बंद झाले नाही, ते दुसऱ्या कंपनीने विकत घेतले. पण मालकाच्या पगारावर असलेल्या माणसांनी मालकाला प्रश्न विचारला आणि त्याला एक धंदा सोडायला लावला, एवढे तरी घडले. २०१७ मध्ये काही निदर्शक एक्सेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर आडवे झाले. त्यांच्यावर खटला चालला आणि २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. शांततापूर्ण निदर्शनाने रस्ता अडला तरी तेवढ्यावरून तो गुन्हा ठरत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. आपल्याकडे रास्ता रोकोच्या जुन्या केसेसमध्ये अजून तारखा मोजणाऱ्या पोरांनी हा निकाल वाचावा.

आपल्या शेजारी गोव्यातही असा विरोध झाला आहे. मार्च २०१६ मध्ये डेफएक्स्पो केपे तालुक्यात नाकेरी-कितल इथे भरले. जमीन कायमची जाईल या भीतीने गावकऱ्यांनी आंदोलन केले. संरक्षणमंत्री त्या वेळी गोव्याचेच होते, तरी गावकऱ्यांना रस्त्यावर उतरावे लागले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने मोशीच्या प्रदर्शन केंद्रात 'एमएसएमई डिफेन्स एक्स्पो' भरवला. संरक्षण क्षेत्रात लघुउद्योगांना संधी, असा त्याचा गाजावाजा होता. आमच्या अभ्यासिकेतली आयटीआय झालेली मुले मागे लागली, म्हणून आम्ही अकरा जणांना घेऊन गेलो. मुलांनी तोफेजवळ फोटो काढले. काढू द्या, वय तसे आहे. फोटो झाल्यावर मात्र ती कामाला लागली. प्रत्येक स्टॉलवर एकच प्रश्न, "सर, भरती कधी आहे?" एका मोठ्या स्टॉलवरच्या गृहस्थाने हसून सांगितले, "आम्ही माणसं घेत नाही. कॉन्ट्रॅक्टर घेतो. त्याला भेटा." कॉन्ट्रॅक्टरचा स्टॉल अर्थातच तिथे नव्हता.

आम्ही आमचा प्रश्न घेऊन फिरत होतो. केंद्र सरकारचे २०१२ चे सार्वजनिक खरेदी धोरण सांगते की सरकारी खाती आणि सरकारी कंपन्यांनी खरेदीतला ठरावीक वाटा लघुउद्योगांकडून घ्यावा. हा वाटा आता २५ टक्के आहे आणि त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी राखलेले आहेत. हे ४ टक्के आम्ही किती स्टॉलवर विचारले असतील! बहुतेकांनी ऐकलेच नव्हते. एका तरुणाने प्रामाणिकपणे विचारले, "उद्योगात पण आरक्षण असतं का?"

खरी मेख पुढे आहे. त्याच २०१२ च्या आदेशात लिहिले आहे की शस्त्रप्रणाली, क्षेपणास्त्रे अशी संरक्षण सामग्री या धोरणाच्या बाहेर राहील, आणि परदेशातून आणलेली शस्त्रेही हिशोबात धरली जाणार नाहीत. म्हणजे गणवेश, बूट, तंबू यांच्या खरेदीत आपला ४ टक्क्यांचा हक्क कागदावर तरी उरतो, आणि जिथे खरा पैसा आहे तिथे दारच लावलेले. बरे, जिथे दार उघडे आहे तिथेही हे ४ टक्क्यांचे उद्दिष्ट वर्षानुवर्षे गाठले गेलेले नाही. 'लघुउद्योगांना संधी' या फलकाखाली उभे राहून आम्ही मुलांना हे समजावून सांगत होतो. आजूबाजूचे लोक आमच्याकडे विचित्र नजरेने बघत होते.

तिथेच आपल्या समाजातला एक तरुण उद्योजक भेटला. भोसरीत भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ मशीन आणि एक मिलिंग, एवढा त्याचा पसारा. तो एका कंपनीला सुटे भाग करून देतो, ती कंपनी दुसरीला देते, दुसरी कंपनी तिसरीला. त्याचा स्वतःचा स्टॉल नव्हता, तो स्टॉलवाल्यांना भेटायला आला होता. आम्ही त्याच्याशी चहा घेताना सुत्ताचा विषय काढला. तो चिडला नाही. म्हणाला, "दादा, तुमचं बरोबर आहे. पण माझ्याकडे नऊ माणसं कामाला आहेत, त्यातली सात आपली आहेत. मी तयार केलेला पार्ट ट्रॅक्टरात गेला की तोफेत गेला, मला सांगतंय कोण? ड्रॉइंगवर फक्त नंबर असतो. पैसे मात्र चार महिन्यांनी येतात." कायद्याने लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असतात, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त चांगले माहीत होते. तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते, हेही माहीत होते. त्याला मिथ्या आजीविकेचा दोष लावायला आमची जीभ वळत नाही. दोष लावायचाच तर ज्याच्या नावाने तोफ विकली जाते त्याला लावू.

आणि आपला या धंद्याशी संबंध काही आजचा नाही. मोशीपासून देहूरोड जवळच आहे. तिथल्या लष्करी डेपोत आणि दारूगोळ्याच्या कोठारांत आपल्या माणसांच्या पिढ्या राबल्या. त्याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. दारूगोळ्याच्या पेट्या उचलणाऱ्या हातांनी बुद्धविहाराची वर्गणी भरली. आम्हांला यात विसंगती दिसत नाही. पोट आणि मान दोन्ही कमावणारी ती माणसे होती.

सैन्याने आपल्याला काय दिले हेही विसरून चालणार नाही. बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीत झाला. सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पलटणीतल्या माणसाला आणि त्याच्या मुलाबाळांना शिकवायचे, या इंग्रजांच्या नियमामुळे आपल्या घरांत पहिली अक्षरे आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली गेली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले, पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी केला. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली ती अशा पन्नास वर्षांच्या लढ्यानंतर. म्हणून कोणी आम्हांला सैन्यविरोधी म्हणू लागला तर त्याला हा इतिहास दाखवावा. आम्ही शिपायाबद्दल बोलत नाही, दुकानदाराबद्दल बोलतो आहोत.

बाबासाहेब गांधींसारखे अहिंसेचा नियम करून बसणारे नव्हते. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिंह सेनापती तथागतांना युद्धाबद्दल विचारतो तो प्रसंग पाहावा. शांततेचे सगळे मार्ग संपल्यावर न्यायासाठी लढणाऱ्याला तिथे दोषी धरलेले नाही. आणि त्याच ग्रंथात सिद्धार्थ गृहत्याग करतो तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य कोलियांवर युद्ध करायला निघाले तेव्हा त्याने संघात विरोध केला म्हणून. म्हणजे आधी बोलणी, आधी पंच, युद्ध सगळ्यात शेवटी. शस्त्रांच्या बाजारात हा क्रम उलटा असतो. तिथे शांततेचे मार्ग संपले तरच गल्ला भरतो.

खर्चाबद्दलही बाबासाहेब स्पष्ट होते. मंत्रिमंडळातून बाहेर पडताना १० ऑक्टोबर १९५१ च्या निवेदनात त्यांनी हिशोब मांडला होता की सरकारचे वर्षाचे उत्पन्न ३५० कोटी, त्यातले १८० कोटी सैन्यावर जातात. हा भार परराष्ट्र धोरणातल्या चुकांमुळे पडतो, मित्र जोडले असते तर पडला नसता, असे त्यांचे म्हणणे होते. २०२५-२६ मध्ये संरक्षणाचा वाटा केंद्राच्या अर्थसंकल्पात साधारण १३ टक्के होता, मग ओरड कशाला, असे कोणी म्हणेल. टक्का कमी झाला, रक्कम २०२५-२६ मध्ये ६ लाख ८१ हजार कोटींवर गेली. बाबासाहेबांचा प्रश्न टक्क्यापुरता नव्हताच. हा खर्च कोणत्या धोरणामुळे करावा लागतो, हा प्रश्न होता, आणि आता त्याला दुसरा जोडला पाहिजे. हा पैसा कोणाच्या खिशात जातो?

२०२४-२५ मध्ये भारताने २३,६२२ कोटींची संरक्षण सामग्री परदेशात विकली. त्यातली १५,२३३ कोटींची खासगी कंपन्यांची. २०२९ पर्यंत हा आकडा ५० हजार कोटींवर न्यायचे सरकारचे उद्दिष्ट आहे. ही निर्यात वाढवण्यासाठीच प्रदर्शने भरतात. खासगी कारखान्यात आरक्षण नाही, हे सांगायला नको. आणि सरकारी? १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ आयुध निर्माणींचे मंडळ मोडून सात कंपन्या केल्या. त्यातली म्युनिशन्स इंडिया पुण्यात आणि यंत्र इंडिया नागपुरात. कामगारांनी संपाची हाक दिली तर त्याच वर्षी संपबंदीचा कायदा आणला. खडकी, अंबाझरी, वरणगाव, भुसावळ, चांदा, भंडारा, या निर्माणींच्या वसाहतींत आपल्या किती घरांनी पहिला पक्का पगार पाहिला हे ज्याचे त्याने आठवावे. तिथल्याच नोकऱ्यांच्या जाहिराती आता मुदतीच्या कंत्राटाच्या निघतात. पदाचे नाव 'डेंजर बिल्डिंग वर्कर'. राखीव जागा त्यात दाखवलेल्या असतात, हे खरे. धोका कायमचा, नोकरी तात्पुरती.

धोका म्हणजे काय ते विदर्भाला विचारा. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, सहा जण गेले, त्यांत रोजंदारीवर पेट्या उतरवणारे मजूर होते. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळ बाजारगावच्या खासगी स्फोटक कारखान्यात नऊ जण गेले, त्यांत सहा बाया होत्या. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत छत कोसळून आठ जण गेले. प्रदर्शनातल्या झगमगत्या स्टॉलवर या माणसांचा उल्लेख कुठे असेल अशी अपेक्षाही नाही.

आता 'सुरक्षा' या दुसऱ्या शब्दाकडे वळू. या प्रदर्शनांत फक्त परक्या शत्रूसाठी माल नसतो. अश्रुधूर, लाठ्या, ढाली, ड्रोन, चेहरे ओळखणारे कॅमेरे, फोन फोडणारी सॉफ्टवेअर, हा सगळा माल आपल्याच देशातल्या माणसांवर वापरायचा असतो. डीएसईआयमध्ये पायबेड्या आणि विजेचे झटके देणारी हत्यारे विक्रीला असल्याचे ॲम्नेस्टीने एकापेक्षा जास्त वेळा उघड केले. २०१३ मध्ये दोन कंपन्यांना त्यावरून बाहेर काढावे लागले. पॅरिसला पोलिसी सामग्रीचे मिलिपोल भरते, तिथे पेगासस बनवणाऱ्या इस्रायली कंपनीनेही स्टॉल लावला आहे. ही कंपनी सांगते की आम्ही फक्त सरकारांना विकतो. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने ज्या भारतीयांना पेगाससच्या हल्ल्याची सूचना दिली त्यांत प्रा. आनंद तेलतुंबडे होते. जगाच्या एका टोकाला गालिचा अंथरलेल्या हॉलमध्ये मांडलेली वस्तू फिरत फिरत आंबेडकरी विचारवंताच्या खिशातल्या फोनपर्यंत येते, ती अशी.

आमच्या वस्तीतल्या आयाबायांना ड्रोन म्हणजे काय ते माहीत नाही, पण ११ जुलै १९९७ माहीत आहे. रमाबाई नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. ती बंदूकही कधीतरी कोणीतरी सुरक्षेच्या नावानेच खरेदी केली होती. म्हणून पोलिसांसाठी नवी सामग्री घेतल्याची बातमी आली की आम्ही टाळ्या वाजवण्याआधी विचारतो, ही कोणत्या मोर्चावर वापरणार?

मोशीहून परतताना मुलांपैकी एकाने बसमध्ये विचारले, "दादा, मग नोकरी मिळाली तर घ्यायची का नाही?" घ्यायची, असे आम्ही सांगितले. कायम असेल, युनियन असेल, तर नक्की घ्यायची. निर्माणी सरकारी राहावी म्हणून लढायचे. शस्त्र विकून श्रीमंत व्हायची स्वप्ने बघायची नाहीत, एवढेच. हे उत्तर त्याला पुरेसे वाटले नसावे. त्या मुलाने पुढे एका निर्माणीत ॲप्रेंटिसशिप केली, आणि आता तो मुदतीच्या जागेसाठी अर्ज भरतो आहे.

सध्या आम्ही माहिती अधिकाराचे दोन अर्ज तयार केले आहेत. पहिल्यात विचारले आहे की संरक्षण मंत्रालयाच्या कंपन्यांनी गेल्या पाच वर्षांत ४ टक्क्यांतून प्रत्यक्ष किती रुपयांची खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून केली, आणि एकूण खरेदीपैकी किती रक्कम धोरणाबाहेर ठेवली. दुसऱ्यात, सात कंपन्या झाल्यापासून किती कायम पदे भरली, किती मुदतीची, आणि त्यांत प्रवर्गनिहाय आकडे काय. खडकी आणि देहूरोडचे आम्ही बघतो आहोत. नागपूर, भंडारा, चंद्रपूर आणि भुसावळच्या साथींनी आपापल्या निर्माणीचा अर्ज टाकावा, नमुना मागितला की पाठवू. भंडाऱ्याच्या अर्जात एक ओळ जादा घाला. जानेवारीत जे गेले त्यांतले किती कायम होते आणि किती मुदतीवर.